चांदणीवाली पाचशेची नोट

प्रश्न : मी अल क्वोजच्या औद्योगिक भागात एका गोदामात सुपरवायझर आहे. सुट्टीवर चिपळूणला जायचं म्हणून एक्स्चेंजमधून थोडे भारतीय रुपये घेतले. त्यात पाचशेची एक कोरी नोट अशी आली, की नंबरातल्या पहिल्या तीन अक्षरांनंतर एक छोटी चांदणी छापलेली आहे. खोलीत जितकी डोकी तितकी मतं. एक म्हणतो, नकली आहे, आत्ताच्या आत्ता परत कर. दुसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, की अशा नोटेला लाखो रुपये मिळतात. ही चांदणी कशासाठी असते? अशा नोटा छापतात कशा, आणि त्या खरंच दुर्मीळ असतात का? आणखी एक विचारायचं आहे. शेजारच्या खोलीतले रत्नागिरीकडचे चाचा सांगतात, की त्यांचे वडील दुबईत आले तेव्हा इथे आपलाच रुपया चालायचा, पण त्याचा रंग वेगळा होता. हे खरं का?
— एक वाचक, अल क्वोज, दुबई

उत्तर : चांदणी आहे म्हणून नोट खोटी ठरत नाही, आणि चांदणी आहे म्हणून ती लाखाचीही होत नाही. चिपळूणच्या बाजारात ती वाण्याला दिलीत तर पाचशेचाच माल मिळेल. नाकारायचं त्याला काही कारण नाही. २०२३ च्या जुलैमध्ये अशा नोटा नकली असल्याचे संदेश मोबाइलवर इतके फिरले, की रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला : चांदणीची नोट इतर कुठल्याही नोटेसारखीच वैध आहे, आणि ती छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली आहे, एवढंच ती चांदणी सांगते.

आता ती घालतात कशी ते पाहू. त्यासाठी नोट तयार होण्याचा क्रम नीट लक्षात घ्यावा लागेल, कारण सगळी गोम त्या क्रमातच आहे.

नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनतो. त्यातलं गांधीजींचं जलचिन्ह आणि सुरक्षा धागा हे छपाईत घालत नाहीत, कागद गिरणीत तयार होतानाच ते त्यात येतात. आपल्याकडे अशी गिरणी होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, १९६८ पासून आहे, आणि पुढे म्हैसूरलाही झाली. हा कागद मोठ्या तावांच्या रूपात छापखान्यात येतो. एका तावावर अनेक नोटा शेजारी शेजारी छापल्या जातात. आधी पार्श्वभूमीची नाजूक, वेलबुट्टीसारखी रेघ दोन्ही बाजूंनी उठते. मग कोरलेल्या पत्र्यावरून प्रचंड दाबानं छपाई होते. गांधीजींचा चेहरा आणि अशोकस्तंभ यांवरून बोट फिरवलं, तर जो उंचवटा हाताला लागतो तो या दाबाचा. इतकं सगळं झाल्यावर नंबर छापतात. त्यानंतर ताव कापून सुट्या नोटा होतात, शंभर शंभरची गड्डी बांधली जाते आणि तिच्यावर कागदी पट्टी चढते.

म्हणजे नंबर अगदी शेवटी येतो. त्याआधी ताव बिघडला, शाई सांडली, कागदाला चुणी पडली किंवा दोन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर तो बाजूला काढता येतो आणि कुणाच्या हिशेबात खळगा पडत नाही, कारण त्या तुकड्यांना अजून नावच मिळालेलं नसतं. नंबर पडल्यानंतर दोष दिसला, तर मात्र पंचाईत होते. ती नोट काढून टाकली की तिचा नंबरही गेला. गड्डीत नव्व्याण्णव उरल्या. आणि नोटांच्या व्यवहारात प्रत्येक नंबराचा हिशेब द्यावा लागतो. कोऱ्या गड्डीचा पहिला आणि शेवटचा नंबर पाहिला की सगळ्या शंभर नोटांची खात्री पटते, या विश्वासावर बँकांचं काम वर्षानुवर्षं चाललं.

२००६ पर्यंत आपल्या छापखान्यांनी हा प्रश्न फार कष्टानं सोडवला. जी नोट खराब निघाली, तिचाच नंबर नव्या नोटेवर पुन्हा छापायचा आणि ती त्याच गड्डीत त्याच जागी बसवायची. एकेका नोटेसाठी नंबराचं यंत्र त्या आकड्यावर आणायचं, छापायचं, योग्य गड्डी शोधायची, तिच्यात नोट घालायची, पुन्हा तपासायची. कोट्यवधी नोटा छापणाऱ्या ठिकाणी हे किती वेळखाऊ असेल, याची कल्पना तुम्हाला गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवताना येत असेलच. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून स्टार मालिका सुरू केली. यात बदली नोटा आधीच छापून तयार ठेवतात. त्यांची मालिका वेगळी, नंबर स्वतःचे, आणि सुरुवातीची अक्षरं व आकडे यांच्यामध्ये ही चांदणी. एखादी नोट बाद झाली की या तयार साठ्यातली एक उचलून गड्डीत घालायची. गड्डी शंभराचीच राहते, फक्त तिच्यातला क्रम एका जागी तुटतो. म्हणून अशा गड्डीच्या पट्टीवरच, आत चांदणीच्या नोटा आहेत, असं छापलेलं असतं. रोखपालानं क्रम तुटलेला पाहून घाबरू नये, ही त्यामागची काळजी.

तुमची नोट पुन्हा एकदा उजेडात धरून पाहा. नंबर दोन ठिकाणी आहे, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. पहिली तीन अक्षरं एका उंचीची आहेत आणि पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत गेलेले आहेत. चांदणी या दोहोंच्या मध्ये, दोन्ही ठिकाणी असायला हवी. नोट खरी की खोटी हे मात्र चांदणीवरून ठरवू नका, ते नेहमीच्या खुणांवरून ठरवा. नोट तिरकी केली की सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. उजेडासमोर धरली की कोऱ्या भागात गांधीजी आणि ५०० चा आकडा दिसतो. दोन्ही कडांना पाच पाच तिरक्या उठावदार रेघा असतात, त्या अंधारातही बोटाला कळतात.

पाचशेच्या नोटेवर चांदणी आली ती बरीच उशिरा. नोटाबंदी झाली ८ नोव्हेंबर २०१६ ला, आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये नव्या, करड्या रंगाच्या पाचशेच्या नोटांत ती पहिल्यांदा दिसली. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नोटाबंदीआधीची जुनी पाचशेची किंवा हजाराची नोट चांदणीसह कुणी विकायला आणली, तर तिथून निघून जा. तशी नोट रिझर्व्ह बँकेनं काढलेलीच नाही.

आता दुर्मीळपणाबद्दल. इथे लोकांची जी गल्लत होते, ती आधी दूर करायला हवी. तुमच्या हातातली नोट सदोष नाही. सदोष होती ती दुसरीच, आणि ती छापखान्यातच नष्ट झाली. तुमची नोट निर्दोष आहे म्हणून तर ती बदलीला पाठवली. याच्या बरोबर उलट म्हणजे चुकीची नोट : तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली, अर्धी कोरी राहिलेली, वेडीवाकडी कापलेली, दोन ठिकाणी वेगळे नंबर पडलेली. चूक सापडली की चांदणीची नोट जन्माला येते, चूक निसटली की चुकीची नोट बाहेर पडते. छापखान्याचं काम जितकं चोख, तितक्या दुसऱ्या प्रकारच्या नोटा कमी. त्यामुळे संग्राहकांच्या बाजारात मोठी, ठळक चूक असलेली नोट साध्या चांदणीच्या नोटेपेक्षा खूपच वरची गणली जाते. व्हिडिओवाले या दोन्हींची सरमिसळ करतात, आणि ७८६ किंवा सगळे आकडे सारखे असलेले नंबरही त्याच पिशवीत कोंबतात.

मग चांदणीची नोट दुर्मीळ कधी होते? नुसत्या चांदणीनं ती इतर नोटांपेक्षा कमी आढळते, एवढंच. समजा, हजारात एकच नोट खराब निघते असं धरलं, तरी एक कोटी नोटांमागे दहा हजार चांदणीच्या नोटा लागतील, आणि पाचशेच्या नोटा हजारो कोटींनी चलनात आहेत. हे प्रमाण मी केवळ हिशेबासाठी धरलं आहे, पण त्यावरून अंदाज यावा. दर्दी संग्राहक चांदणीपाशी थांबत नाही. तो मागच्या बाजूला तळाशी छापलेलं वर्ष पाहतो, गव्हर्नरची सही पाहतो, नंबराच्या मागे फिकट रंगात एखादं इंग्रजी अक्षर आहे का ते पाहतो. यांचा मेळ घातला की एकेक छोटा गट तयार होतो. स्टार मालिका सुरू झाल्यापासून वाय. व्ही. रेड्डी, डी. सुब्बाराव, रघुराम राजन, ऊर्जित पटेल, शक्तिकांत दास, संजय मल्होत्रा असे गव्हर्नर झाले. पटेलांची कारकीर्द सप्टेंबर २०१६ ते डिसेंबर २०१८ एवढीच. एखादा गव्हर्नर जाताना किंवा नोटेचं रूप बदलताना अमुक मूल्याच्या, अमुक वर्षाच्या, अमुक अक्षराच्या चांदणीच्या नोटा फारच थोड्या निघाल्या, असं घडतं. खरी दुर्मीळता तिथे आहे. २०१० च्या जुलैमध्ये रुपयाचं नवं चिन्ह ठरलं आणि पुढे ते नोटेवर आलं, तेव्हाही चिन्हाच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन तऱ्हा झाल्या.

अडचण अशी, की किती निघाल्या हे आपल्याकडे उघडपणे कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात मूल्यवार नोटांची संख्या असते, चांदणीच्या नोटांची वेगळी मोजणी नसते. त्यामुळे आपले संग्राहक काय करतात, तर प्रत्येक गटात आजवर पाहिलेला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा नंबर टिपून ठेवतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. किती चिकाटीचं काम आहे हे! प्रदर्शनांत गेलात तर अशी माणसं वह्या घेऊन नंबर उतरवताना भेटतील. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. व्हिडिओतल्या आकड्यांपेक्षा त्यांच्या वहीतल्या नोंदीवर माझा अधिक भरवसा आहे.

अमेरिकेत हेच काम सोपं आहे, कारण तिथल्या छपाई खात्याचे महिन्याचे उत्पादन अहवाल प्रसिद्ध होतात. चांदणीची कल्पनाही मुळात तिथली जुनी, १९१० पासूनची. तिथे आज ती नंबराच्या शेवटी असते. आणि तिथेच या पद्धतीत एक मोठा घोळ झाला. एका डॉलरच्या २०१३ च्या मालिकेतल्या न्यूयॉर्क विभागाच्या चांदणीच्या नोटा वॉशिंग्टनच्या छापखान्यानं छापल्या, आणि काही काळानं टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या छापखान्यानं त्याच नंबरांच्या पुन्हा छापल्या. सुमारे ६४ लाख नंबर असे दोन दोनदा निघाले. एकाच नंबराच्या दोन्ही नोटा हाताशी आल्या, तर त्या जोडीला संग्राहक मोठी किंमत मोजतात. एकट्या नोटेला फारसं मोल नाही, आणि जुळी कुठे आहे ते शोधायला लोक एकमेकांना नंबर कळवत बसतात.

इतर देशांच्या खुणा वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये एक पौंडाच्या नोटांच्या नंबरात ‘एम’ हे अक्षर यायचं, पाकिस्तानच्या नोटांत ‘एक्स’ येतं. ऑस्ट्रेलियानं १९४८ पासून चांदणी वापरली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत बंद केली. तिथल्या त्या चांदणीच्या नोटा आज जपून ठेवल्या जातात, कारण ती मालिका संपली आणि आता वाढणार नाही. आपली अजून चालू आहे.

दुर्मीळतेइतकंच महत्त्व नोटेच्या अवस्थेला आहे. २००६ मधली दहाची चांदणीची नोट बाजारात आली तेव्हा बहुतेकांनी तिच्याकडे पाहिलंही नसेल. ती भाजीला गेली, बसच्या तिकिटाला गेली, धोतराच्या कनवटीला गेली आणि फाटून बँकेत परतली. म्हणून लहान मूल्याची, सुरुवातीच्या वर्षांतली, कोरी करकरीत चांदणीची नोट मोठ्या मूल्याच्या नव्या नोटेपेक्षा मिळायला कठीण. कोरी म्हणजे मधली घडीसुद्धा नको. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं गड्ड्यांना पिना मारायचं बंद करून कागदी पट्ट्या लावायला बँकांना सांगितलं. त्याआधीच्या कोऱ्या नोटेला पिनेची भोकं असली तरी संग्राहक समजून घेतो. चांदणीच्या नोटा सगळ्या त्यानंतरच्या, त्यामुळे त्यांना ती सवलत मिळत नाही. तुमची ठेवायची असेल तर पाकिटात दुमडू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. वहीच्या पानांत सपाट ठेवलीत तरी चालेल.

विकायचा मोह झाला, तर एकच सांगणं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नोटा-नाणी विकून देतो म्हणून काही जण बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन, कर अशा नावांनी पैसे उकळत आहेत. बँक अशा व्यवहारात नसते आणि तिनं कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ‘तुमच्या नोटेला पाच लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा’ असा फोन आला की समजायचं, की विकली जाणार आहे ती तुमची भाबडी आशा. महिन्याचा पगार घरी पाठवून उरलेल्यात भागवणाऱ्या माणसाच्या नशिबी अशी लूट यावी, याचा मला फार संताप येतो. तुमच्या खोलीतल्या त्या मित्राला हा परिच्छेद वाचून दाखवा. आणि विमानतळाचा नियमही लक्षात असू द्या : भारतात येताना भारतीय रुपये माणशी पंचवीस हजारांपर्यंतच आणता येतात.

आता चाचांचा प्रश्न. चाचा अगदी खरं सांगताहेत, आणि तुमच्या चांदणीशी या गोष्टीचं नातं नाशिकच्या नोटांच्या छापखान्यातून जुळतं.

हिंदुस्थानच्या नोटा आधी इंग्लंडहून छापून यायच्या. नाशिकरोडला नोटांचा छापखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट तिथून निघाली. कागदोपत्री ते चलार्थ पत्र मुद्रणालय, नाशिककरांच्या तोंडी नुसती ‘प्रेस’. शेजारीच मुद्रांक आणि तिकिटं छापणारं भारत प्रतिभूती मुद्रणालय. नाशिकरोड परिसरात पिढ्यान् पिढ्या प्रेसमध्ये कामाला असलेली कुटुंबं आहेत. फाळणीनंतर पाकिस्तानला स्वतःचं चलन मिळेपर्यंत ज्या नोटा चालल्या, त्याही नाशिकच्याच, त्यांवर पाकिस्तान सरकारचं नाव जास्तीचं छापून दिलेल्या.

त्या काळी दुबई, अबुधाबी, कतार, बहारीन, कुवेत, ओमान या साऱ्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चालत असे. पण सोन्याची चोरटी आयात वाढली. सोन्याच्या बदल्यात भारतातून रुपये आखातात जायचे, तिथल्या बँकांत भरले जायचे, आणि त्या बँका ते रिझर्व्ह बँकेकडे पाठवून पौंड मागायच्या. परकीय चलनाला गळती लागली. तेव्हा १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सरकारनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. ठेवण नेहमीच्याच नोटांची, रंग मात्र निराळे : एक आणि दहा रुपयांची तांबडी, पाचची नारिंगी, शंभराची हिरवी. आणि नंबराच्या आधी ‘झेड’ हे अक्षर. छपाई नाशिकची, एक रुपयाची सोडून बाकींवर सही गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची, पण या नोटा भारतात चालत नसत. एका अक्षरावरून आणि रंगावरून ओळखायचं, की ही आखाताची.

चाचांच्या वडिलांनी देरा नाहीतर बर दुबईच्या बाजारात, खाडीच्या काठी, याच नोटा मोजल्या असणार. तुमच्या अल क्वोजची गोदामं फार पुढची. ६ जून १९६६ ला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि आखातातल्या लोकांच्या हातातला रुपया रातोरात हलका झाला. दुबईनं काही काळ सौदी रियाल वापरला, मग त्याच वर्षी कतारबरोबर सामाईक रियाल काढला. १९ मे १९७३ पासून दिरहम आला. कुवेत आणि बहारीन तर त्याआधीच आपापल्या दिनारकडे वळले होते. ओमानमध्ये मात्र हा रुपया १९७० पर्यंत टिकला.

बहुतेक झेडच्या नोटा परत गोळा होऊन बाद झाल्या. छापल्या गेल्या त्या थोड्या प्रदेशासाठी, थोडी वर्षं, आणि उरल्या त्या अगदीच थोड्या. म्हणून त्यांना, विशेषतः हिरव्या शंभराच्या नोटेला, जगभरचे संग्राहक मोठी किंमत देतात. दुर्मीळ नोट पाहायचीच असेल, तर पाचशेच्या नोटेवरची चांदणी सोडून कोकणातल्या जुन्या ट्रंका उघडा. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांतली माणसं तेव्हापासून आखातात जात होती, आणि परत येताना कुणी एखादी तांबडी दहाची नोट आठवण म्हणून ठेवली असणं सहज शक्य आहे. चाचांना विचारा, वडिलांच्या कागदपत्रांत अशी काही नोट आहे का. सापडली तर ती चिकटपट्टीनं जोडू नका, धुऊ नका, कुणाच्या हाती ‘तपासायला’ सोडू नका. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो आमच्याकडे पाठवा. नंबराच्या आधीचं अक्षर फोटोत नीट दिसेल, एवढं पाहा.